सिमेंट, चुना आणि भाजलेली माती

आपल्या गांवांत किंवा शहरांत सांप्रत जिकडे पाहावें तिकडे घरें बांधण्याचें काम चाललेलें दिसतें. रस्त्याच्या कडेला वाळूचे व खडीचे ढीग, लोखंडी सळया आणि ताडपत्रीखालीं झांकून ठेविलेलीं सिमेंटचीं पोतीं, हें दृश्य आपल्या इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, त्या पोत्यांत काय आहे, तें कोठून आलें व तें तयार होतांना काय काय घडलें, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनांत येतो. पालकांपैकीं ज्यांनीं स्वतःचें घर बांधलें आहे, त्यांना पोत्याची किंमत तोंडपाठ असते. परंतु त्या किंमतींत न धरलेली एक गोष्ट आहे, आणि प्रस्तुत लेख तिच्याविषयीं आहे.

पन्नास किलोचें साध्या सिमेंटचें एक पोतें कारखान्यांतून बाहेर पडतें, तेव्हां त्याच्यापायीं सुमारें चाळीस किलो कार्बन डायॉक्साइड धुराड्यांतून हवेंत गेलेला असतो. या लेखांत त्याला थोडक्यांत कर्बवायु म्हणूं. हा वायु विषारी नाहीं. आपण उच्छ्वासावाटे तोच बाहेर टाकतों, आणि सोडावॉटरच्या बाटलींतून जे बुडबुडे येतात तेहि त्याचेच. तथापि तो हवेंत प्रमाणाबाहेर सांठूं लागला म्हणजे पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता अडवून धरतो. आणि गेल्या दोन शतकांत मनुष्यानें कोळसा व खनिज तेल जाळून तो इतका वाढविला आहे कीं, साऱ्या जगाचें हवामान त्यामुळें बदलत चाललें आहे. जगांत दरवर्षीं सुमारें चारशें कोटी टन सिमेंट तयार होतें. त्यांत चीनच्या खालोखाल आपल्या देशाचा क्रमांक असून, एकट्या भारतांत वर्षाला चाळीस कोटी टनांच्या वर सिमेंट होतें. मनुष्याच्या उद्योगामुळें हवेंत जाणाऱ्या एकंदर कर्बवायूपैकीं सात ते आठ टक्के भाग या एका धंद्याचा आहे.

हें वाचून कोणीहि साहजिकच म्हणेल कीं, सिमेंटच्या भट्टींत कोळसा जळतो, त्याचा हा धूर; कोळशाऐवजीं दुसरें कांहीं जाळावें म्हणजे झालें. येथेंच बहुतेकांची समजूत चुकते. ती कां चुकते हें पाहण्यासाठीं आपणांस एडिंबरो शहरीं, १७५६ सालांत जावें लागेल.

त्या वर्षीं जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानें आपले प्रयोग प्रसिद्ध केले. चुनखडी तापविली कीं तिचें वजन घटतें, हें भट्टीवाल्यांना पूर्वींपासून ठाऊक होतें. पण जें घटलें तें गेलें कोठें, याचा शोध ब्लॅकनें तराजू हातीं घेऊन लाविला. चुनखडींतून एक वायु निघून जातो व मागें कळीचा चुना राहतो, असें त्याला आढळलें. दगडांत जणूं बांधून ठेविलेली हवा, म्हणून त्यानें त्या वायूला ‘बद्ध वायु’ असें नांव दिलें. तोच हा कर्बवायु. आपल्या प्रयोगशाळेंत चुन्याच्या निवळींत नळीनें फुंकर घातली असतां निवळी दुधाळ होते, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं पाहिलेंच असेल. तेथें हीच क्रिया उलट दिशेनें घडते. चुना कर्बवायु परत घेतो व पुन्हां चुनखडी बनतो. हिशेब अगदीं चोख आहे. शंभर ग्रॅम शुद्ध चुनखडी भाजली असतां छपन्न ग्रॅम चुना उरतो आणि चव्वेचाळीस ग्रॅम कर्बवायु उडून जातो. भट्टी कोळशावर चालवा, विजेवर चालवा अथवा भिंगानें सूर्याचे किरण एकवटून चालवा, हे चव्वेचाळीस ग्रॅम जावयाचेच. ते जळणांतून आलेले नसून दगडाच्या पोटांतून आलेले असतात.

योगायोग असा कीं, ज्या वर्षीं ब्लॅकनें आपला निबंध प्रसिद्ध केला, त्याच वर्षीं जॉन स्मीटन नांवाच्या इंग्लिश इंजिनियरनें प्लिमथसमोरील एडिस्टन खडकावर दीपगृह बांधण्याचें काम हातीं घेतलें. तेथील पूर्वींचें दीपगृह १७५५ सालीं आगींत नष्ट झालें होतें. भर समुद्रांत, लाटांच्या माऱ्यांत, साधा चुना घट्ट होत नाहीं. कारण त्याला हवा लागते. स्मीटननें अनेक ठिकाणचा चुना तपासून पाहिला व त्याला असें आढळून आलें कीं, ज्या चुनखडींत नैसर्गिकपणें माती मिसळलेली असते, तिचा चुना पाण्याखालींहि दगडासारखा होतो. या चुन्यांत त्यानें इटलींतून आणविलेली ज्वालामुखीची राखट माती मिसळली. रोमन लोक हीच माती नेपल्सजवळील पोझ्झुओली गांवाहून आणीत, म्हणून तिला पोझोलाना म्हणतात. स्मीटनचा दीप १७५९ सालीं लागला. पुढें १८२४ सालीं लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्यानें चुनखडी व माती मुद्दाम एकत्र भाजून केलेल्या पुडीचें पेटंट घेतलें; आणि पोर्टलंड येथील इमारती दगडाशीं तिचें साम्य दाखविण्यासाठीं तिला पोर्टलंड सिमेंट हें नांव दिलें. तेंच नांव आजहि पोत्यावर छापलेलें असतें.

ॲस्पडिननंतर भट्टीची उष्णता वाढत गेली. हल्लीं चुनखडी व माती यांची बारीक पूड लांबच लांब फिरत्या भट्टींत सुमारें १४५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात. तेथें ती अर्धवट वितळून सुपारीएवढाले काळसर खडे बनतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. थोडें जिप्सम घालून क्लिंकर दळला कीं सिमेंट झालें. साध्या सिमेंटमध्यें शेंकडा पंचाण्णव भाग हा क्लिंकरच असतो. म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यांत तो साडेसत्तेचाळीस किलो झाला. क्लिंकरमध्यें चुन्याचा अंश शेंकडा पासष्ट धरला तर पोत्यांत सुमारें एकतीस किलो चुना येतो. आणि छपन्नास चव्वेचाळीस या प्रमाणानें त्रैराशिक मांडलें, तर एकट्या दगडांतून चोवीस किलोंवर कर्बवायु निघाला असें उत्तर येईल. विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. बाकीचे पंधरा-सोळा किलो मात्र जळणाचे. एवंच जळणाचा प्रश्न पूर्णपणें सुटला तरी अर्ध्याहून अधिक दोष शिल्लकच राहतो.

मग सिमेंट वापरणेंच सोडावें काय? असें म्हणणारे लोक आहेत. पण बहुधा ते पक्क्या घरांत बसून तसें म्हणतात. ज्यांच्या डोक्यावर अद्याप पत्रा किंवा प्लॅस्टिकचा कागद आहे, ज्यांची भिंत दर पावसाळ्यांत खचते, ज्यांच्या गांवाला पूल नाहीं, अशा लक्षावधि कुटुंबांना ‘तुम्ही आतां बांधूं नका, हवा बिघडते’ असें सांगण्याचा अधिकार कोणास आहे, हें मला समजत नाहीं. सिमेंट हा गरिबांनाहि मिळणारा माल आहे. तें पोतें-पोतें करून विकत घेतां येतें, आणि साध्या गवंड्याला तें हाताळतां येतें. तेव्हां प्रश्न आहे तो असा कीं, तितकीच मजबूत आणि तितक्याच स्वस्तांत मिळणारी, परंतु क्लिंकर कमी लागणारी अशी पूड करतां येईल काय?

याचें अर्धें उत्तर आपल्या पूर्वजांना ठाऊक होतें. पुष्कळ किल्ल्यांवर चुन्याच्या घाणीचें दगडी चाक पडलेलें दिसतें. भाजून विरविलेला चुना वाळूसह त्या घाणींत घालून, बैलांकडून तो तासन्‌तास मळून घेत. कांहीं कामांत गूळ, हिरडा वगैरे पदार्थांचें पाणीहि घालीत. विहिरी, हौद, बंधारे अशा जेथें पाण्याशीं सतत संबंध येतो तेथें चुन्यांत सुरखी मिसळीत. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. १८९५ सालीं पुरें झालेलें दक्षिणेंतील मुल्लापेरियार धरण चुना व सुरखी यांच्याच बळावर उभें राहिलें. स्वातंत्र्यानंतर बांधलेल्या भाक्रा धरणाच्या काँक्रीटमध्येंहि सिमेंटचा कांहीं भाग कमी करून त्या जागीं भाजलेल्या मातीची पूड घातली होती. सिमेंट मुबलक झाल्यावर मात्र सुरखी मागें पडली, आणि आज पुष्कळ तरुण गवंड्यांना तो शब्दहि माहीत नसतो.

विटेची पूड चुन्याला पाण्यांत घट्ट कां करते? मातीमातींत फरक असतो. परंतु ज्या मातीच्या अंगीं हा गुण विशेष असतो तिच्यांत केओलिनाइट नांवाचें खनिज असतें. आपण जिला चिनी माती म्हणतों तीं याच खनिजाचीं बनलेली असते. केओलिनाइटमध्यें सिलिका व ॲल्युमिना यांचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकावर एक रचलेले असून, त्यांच्या रचनेंत पाण्याचे घटक बांधलेले असतात. माती सातशें-आठशें अंशांपर्यंत तापविली कीं ते वाफ होऊन निघून जातात व ती रचना ढांसळते. ॲल्युमिना व सिलिका यांची जणूं घडी मोडते, आणि चुना भेटतांच ते त्याच्याशीं संयोग पावण्यास उत्सुक होतात. त्यापुढें उष्णता फार वाढविली तर मात्र त्यांची नवी व अधिक पक्की घडी बसते आणि ही उत्सुकता नाहींशी होते. खंगर विटेची सुरखी निरुपयोगी कां, याचें कारण हेंच. येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. चुनखडी भाजली तर दगडांतून कर्बवायु जातो. माती भाजली तर जाते ती केवळ पाण्याची वाफ. शिवाय मातीला भट्टीची उष्णताहि क्लिंकरच्या जवळजवळ निम्मीच लागते.

हल्लींहि सिमेंटमध्यें दुसरे पदार्थ मिसळतातच. चंद्रपूर, कोराडी यांसारख्या औष्णिक वीजकेंद्रांतून निघणारी कोळशाची राख आणि पोलादाच्या कारखान्यांतील मळी, या दोन पदार्थांनीं आपल्या देशांत क्लिंकरची पुष्कळ बचत केली आहे, व त्याबद्दल आपल्या सिमेंटवाल्यांना श्रेय दिलेंच पाहिजे. परंतु मळी जेवढें पोलाद तेवढीच निघणार. आणि राखेचें म्हणाल, तर वीज हळूहळू सूर्यापासून व वाऱ्यापासून घेतली जाऊं लागली म्हणजे राख घटतच जाणार. साऱ्या जगाला पुरेल असा पदार्थ पाहूं गेल्यास पायांखालच्या मातीवांचून दुसरा दिसत नाहीं.

हा विचार घेऊन ज्यांनीं काम केलें ते एका देशाचे नव्हेत. स्वित्झर्लंडमध्यें जिनीव्हा सरोवराच्या कांठीं लोझान येथें एक नामांकित तांत्रिक विद्यापीठ आहे. तेथील बांधकाम-पदार्थांच्या प्रयोगशाळेचें प्रमुखपद भूषविलेल्या कॅरेन स्क्रिव्हनर या मूळच्या इंग्लंडमधील विदुषी. सिमेंट पाण्यांत कालविल्यावर त्याच्या पोटांत क्षणोक्षणीं काय घडतें, हें विद्युत्सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्यांत त्यांनीं आयुष्य घालविलें आहे. दुसरे फर्नांडो मार्टिरेना. हे क्यूबा बेटांतील सांता क्लारा येथील विद्यापीठाचे. क्यूबाची गोष्ट निराळी होती. अमेरिकेनें १९६२ पासून त्या देशाशीं व्यापार बंद ठेविलेला, आणि १९९१ सालीं सोव्हिएट संघराज्य मोडल्यावर तेलाचा व मालाचा पुरवठाहि आटला. घरें पाहिजेत, पण सिमेंट नाहीं व भट्टीला जळण नाहीं, अशा अडचणींत मार्टिरेना आणि त्यांचे सहकारी उसाच्या चिपाडांची राख, चुना, स्थानिक माती यांपासून बांधकामाचा माल करण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षें करीत होते. एकीकडे उत्तम उपकरणें आणि दुसरीकडे निकडीची गरज, या दोहोंची गांठ पडली तिचें फळ म्हणजे हें नवें सिमेंट. स्विस सरकारच्या विकास व सहकार्य खात्यानें या कामास पैसा पुरविला, आणि २०१३ सालीं क्यूबांतील सिग्वानेय येथील कारखान्यांत त्याचें पहिलें मोठें प्रायोगिक उत्पादन झालें.

यानंतर भारताचा सहभाग वाढला, व तो नांवापुरता नव्हता. दिल्ली, मद्रास व मुंबईंतील पवई येथील तिन्ही आय. आय. टी. संस्था या कामांत सामील झाल्या. दिल्लीचे शशांक बिष्णोई यांनीं लोझान येथेंच डॉक्टरेटचा अभ्यास केला होता. त्यांनीं भारतांतील निरनिराळ्या खाणींतल्या मातीवर व प्रत्यक्ष कारखान्यांत होणाऱ्या उत्पादनावर लक्ष दिलें. मद्रासला रवींद्र गेट्टू व मनु संथानम् यांच्या हाताखालीं काँक्रीटच्या टिकाऊपणाची परीक्षा झाली. समुद्राजवळच्या शहरांतील संस्थेकडे हें काम जावें हें योग्यच होतें. तारा या संस्थेनें हा विषय प्रयोगशाळेंतून काढून खेड्यांतील छोट्या कारागिरांपर्यंत नेला. झांशी येथें तर या सिमेंटच्या मालानें एक नमुन्याचें घरहि उभारण्यांत आलें. अशा कामांत दूरदूरच्या लोकांचा उपयोग काय, असें वाटेल. परंतु एका प्रयोगशाळेंत एका मातीनें जमलेलें मिश्रण दुसऱ्या देशांतील मातीनें, दुसऱ्या हवेंत, दुसऱ्या गवंड्याच्या हातून जमेलच असें नाहीं. तेंच मिश्रण क्यूबांत, राजस्थानांत व मद्रासेंत सारखें उतरलें, तरच इंजिनियरांचा त्यावर विश्वास बसावयाचा. कारण सिमेंट हा असा माल आहे कीं, त्यांत फसगत झाली तर ती छप्पर कोसळेपर्यंत कळत नाहीं.

या सिमेंटला एल-सी-थ्री असें संक्षिप्त नांव आहे. त्याचें नेहमीचें प्रमाण असें: शंभर भागांत पन्नास भाग क्लिंकर, तीस भाग भाजलेली माती, पंधरा भाग चुनखडी व पांच भाग जिप्सम. यांतील पंधरा भाग चुनखडी ही न भाजतां नुसती दळलेली असते. दळलेल्या दगडांतला कर्बवायु दगडांतच राहतो. ही चुनखडी केवळ वजन भरण्यासाठीं घातली आहे असें समजूं नये. क्लिंकर पाण्याशीं मिळाला म्हणजे कांहीं चुना मोकळा होतो. तो चुना, मातींतील ॲल्युमिना आणि ही कच्ची चुनखडी या तिघांचा संयोग होऊन नवीं स्फटिकरूप द्रव्यें बनतात व काँक्रीटमधील बारीक छिद्रें भरून काढतात. माती एकटी किंवा चुनखडी एकटी घातली तर क्लिंकर इतका कमी करतां येत नाहीं. दोन्ही मिळून घातल्या तर येतो. माझ्या मतें या साऱ्या शोधाचें मर्म एवढ्यांत आहे. सुरखी जुनीच होती व दळलेली चुनखडीहि युरोपांतील सिमेंटमध्यें पूर्वींपासून घालीत असत; त्यांना एकत्र आणून त्यांचा परस्परांशीं होणारा व्यवहार ओळखला, हेंच नवें.

आतां पुन्हां आपलें पन्नास किलोचें पोतें घेऊं. त्यांत क्लिंकर पंचवीस किलो; त्याच्या दगडांतून निघालेला कर्बवायु सुमारें तेरा किलो व जळणाचा आठ. पंधरा किलो माती भाजण्याच्या जळणाचे आणखी तीन-चार किलो धरा. म्हणजे चाळीस किलोंच्या जागीं पंचवीस किलो झाले. माती, जळण व भट्टी यांप्रमाणें हा आंकडा थोडा मागेंपुढें होईल. सामान्यतः बचत तीस ते चाळीस टक्के होते असें तज्ज्ञ धरतात.

कोणतीहि माती यासाठीं चालेल काय? चालणार नाहीं. मातींत केओलिनाइटचा अंश शेंकडा चाळीसाच्या आसपास तरी असावा लागतो. आपल्या देशावरील काळी जमीन, जी कापसाला इतकी मानवते आणि उन्हाळ्यांत भेगाळून पावसाळ्यांत फुगते, तिच्यांतलें खनिज निराळ्या जातीचें असल्यामुळें ती भाजली तरी फारसा उपयोग होत नाहीं. याउलट कोंकणांत, जेथें जांभा दगड आहे, तेथें शेंकडों शतकांच्या पावसानें खडक धुपून व कुजून केओलिनाइट तयार झालेलें आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत चिनी मातीच्या खाणी आहेतच. विशेष हें कीं, कपबशांच्या कारखान्याला लागते तितकी शुभ्र व शुद्ध माती येथें लागत नाहीं. लोखंडाच्या अंशामुळें तांबूस झालेली, कुंभारानें व कपबशीवाल्यानें टाकून दिलेली मातीहि चालते. मात्र म्हणून डोंगर वाटेल तसे खणावे असा याचा अर्थ कोणी करूं नये. खाणींच्या कांठीं आधींच पडून राहिलेल्या मातीपासून आरंभ करणें शहाणपणाचें होईल.

या सिमेंटचे गुण सांगितले, तसे दोषहि सांगितले पाहिजेत. भाजलेली माती फार बारीक असल्यामुळें हें सिमेंट पाणी जास्त मागतें. गवंड्यानें संवयीप्रमाणें वरून पाणी ओतलें तर काँक्रीट दुबळें होईल. म्हणून काँक्रीट सैल करणारें द्रव्य थोडें जास्त घालावें लागतें. दुसरें असें: साध्या काँक्रीटमध्यें जो मोकळा चुना शिल्लक असतो, तो लोखंडी सळयांना गंजापासून वांचवितो; आणि हवेंतील कर्बवायु आंत शिरूं लागला तर त्यालाहि कांहीं काळ थोपवून धरतो. नव्या सिमेंटमध्यें तो चुना मातीनें खाऊन टाकलेला असल्यामुळें हा बचाव कमी पडतो. यासाठीं सळयांवरील काँक्रीटचा थर नीट जाड ठेवावा, व ओलें ठेवण्याचे दिवस चुकवूं नयेत. ही शेवटची सूचना पालकांनीं कोणत्याहि सिमेंटच्या बाबतींत पाळावी. सात दिवस पाणी मारावयाचें ठरवून तिसऱ्या दिवशीं माणूस कामावरून काढून घेणारे मालक कमी नाहींत. याउलट समुद्राच्या खाऱ्या हवेंतील क्षार या काँक्रीटमध्यें फार सावकाश शिरतात. रत्नागिरी-मालवणकडे वीस-पंचवीस वर्षांत सळया फुगून छताचे पोपडे पडलेले ज्यांनीं पाहिले असतील, त्यांना या गुणाची किंमत वेगळी सांगावयास नको.

शिवाय चाळीसाचे पंचवीस झाले, तरी पंचवीस उरतातच. ते कमी करण्याचा एक मार्ग प्रयोगशाळेबाहेरचा आहे. तो म्हणजे लागेल तेवढेंच वापरणें. या बाबतींत मिशनच्या कामानिमित्त भारतांत आलेल्या एका गृहस्थाची आठवण होते. लॉरी बेकर हे बर्मिंगहॅमचे शिल्पज्ञ, क्वेकर पंथाचे. दुसऱ्या महायुद्धांत ते चीनमध्यें रुग्णसेवा करीत होते. तेथून मायदेशीं परततांना जहाजाची वाट पाहत ते मुंबईस अडकून पडले असतां त्यांची महात्मा गांधींशीं गांठ पडली, आणि घर हें पांच मैलांच्या आंत मिळणाऱ्या साहित्यानेंच बांधावें हा महात्माजींचा विचार त्यांच्या मनांत कायमचा ठसला. १९४५ सालीं ते कुष्ठरोग्यांच्या मिशनसाठीं इमारती बांधण्यास भारतांत आले ते परत गेले नाहींत. २००७ सालीं तिरुवनंतपुर येथें वारले. विटा आडव्या न ठेवतां कडेवर उभ्या लावून भिंतीच्या मध्यें पोकळी ठेवण्याची जी रीत त्यांनीं प्रचारांत आणिली, तिनें विटांची सुमारें चौथाई बचत होते व घर थंडहि राहतें. छतांत काँक्रीटऐवजीं मधूनमधून जुनीं मंगलोरी कौलें बसवून ते सिमेंट वांचवीत. त्यांच्या घरांत गिलावा बहुधा नसे. वीट चांगली असेल तर ती झांकावयाची कशाला, असें त्यांचें मत होतें.

नव्या सिमेंटचा प्रसार आतां कोठें सुरू झाला आहे. कोलंबिया देशांत २०२० पासून भाजलेल्या मातीचें सिमेंट मोठ्या प्रमाणावर निघूं लागलें, आणि भारतीय मानक संस्थेनें २०२३ सालीं भाजलेली माती व चुनखडी यांनीं युक्त अशा सिमेंटचें स्वतंत्र मानक प्रसिद्ध केलें. मानक नसेल तर सरकारी कामावर एक पोतेंहि चालत नाहीं, म्हणून ही गोष्ट दिसते त्यापेक्षां मोठी आहे. कारखानदारांपुढें आतां जी अडचण आहे ती थोडी गमतीची आहे. तांबूस माती भाजली कीं सिमेंटलाहि तांबूस छटा येते, आणि गिऱ्हाइकाची तर पक्की समजूत कीं, चांगलें सिमेंट म्हटलें कीं तें करड्या रंगाचेंच असावें. पोतें फोडून तांबडी पूड दिसली कीं, दुकानदारानें विटांची भुकटी मिसळली असा संशय यावयाचा. तेव्हां माती भट्टींतून निघून निवत असतां तिला प्राणवायु मिळूं न देण्याची युक्ति काढण्यांत आली आहे. त्यायोगें मातींतील लोखंडाचा तांबडेपणा जातो व पूड राखी दिसूं लागते. मजबुतीशीं रंगाचा कांहीं संबंध नाहीं. तरी एवढा खटाटोप केवळ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठीं करावा लागतो.